खर्रा, बिडी आणि मनाचे औषध

मनोविकारावर किंवा दारूच्या व्यसनावर उपचार घेणाऱ्या गरीब रुग्णाची तंबाखू सोडवण्याचा विषय निघाला की ‘बिचाऱ्याला तेवढाच आधार, तोही कशाला काढून घ्यायचा’, असे घरचे म्हणतात आणि पुष्कळदा उपचार करणारेही गप्प राहतात. परंतु हा कनवाळूपणा रुग्णालाच महागात पडतो. निकोटीन, म्हणजे तंबाखूची सवय लावणारे द्रव्य, शरीरातून उतरू लागले की चिडचिड, अस्वस्थता आणि झोपमोड सुरू होते, पुढच्या खर्ऱ्याने, म्हणजे तंबाखू-सुपारीच्या मिश्रणाने, ती थांबते, आणि तंबाखूनेच उठवलेली तगमग तंबाखूने शमली की ती आजारावरची मात्रा वाटू लागते. २०१४ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये २६ अभ्यासांचा एकत्रित आढावा आला, त्यात धूम्रपान सोडणाऱ्यांची चिंता व नैराश्य कमी झालेले दिसले, आणि मनोविकार असलेलेही त्याला अपवाद नव्हते.

अमरावती जिल्ह्यातील भातकुली तालुक्यात मात्र तंबाखूबद्दल प्रश्न विचारण्यापासूनच अडचण आहे. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातील ३.८ टक्के प्रौढ धूम्रपान करणारे, तर २४.४ टक्के बिनधुराची तंबाखू खाणारे आढळले. म्हणून ‘बिडी पिता का?’ या प्रश्नाला ‘नाही’ हे उत्तर प्रामाणिकपणे मिळते, आणि पानठेल्यावर सुपारीचा चुरा, तंबाखू व चुना एकत्र घोटून, पन्नीत बांधून दिलेली खर्ऱ्याची पुडी खिशातच राहते.

बिडीचा प्रश्न औषधांच्या दृष्टीने वेगळा आहे. धुरातील काही घटक (निकोटीन नव्हे) यकृताला क्लोझापिन, ओलान्झापिन यांसारखी मनोविकारावरची औषधे लवकर निकामी करायला लावतात, त्यामुळे बिडी सुटताच तीच मात्रा अंगावर जास्त पडू शकते आणि डॉक्टरांना ती कमी करावी लागते. खर्रा सोडणाऱ्याला ही अडचण येत नाही. ‘ईगल्स’ नावाच्या चाचणीत आठ हजारांहून अधिक धूम्रपान करणारे होते, त्यांपैकी निम्म्यांच्या आसपास लोकांना मनोविकार होता, आणि धूम्रपान सोडवण्यासाठीच्या व्हॅरेनिक्लिन व ब्युप्रोपिऑन या गोळ्यांनी मानसिक त्रास लक्षणीय वाढल्याचे २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत आढळले नाही. तरीही दारू एकाएकी सोडणाऱ्याला ब्युप्रोपिऑन देत नाहीत, कारण त्यात झटके येण्याचा धोका असतो.

अमरावतीला जाऊन येण्यात मजुराची दिवसाची मजुरी बुडते, म्हणून उपचार गावापर्यंत पोहोचणे महत्त्वाचे ठरते. अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत राबवलेल्या ‘विश्राम’ कार्यक्रमात नैराश्याच्या रुग्णांपैकी उपचार घेणाऱ्यांचे प्रमाण १८ महिन्यांत ४.३ वरून २७.२ टक्क्यांवर गेले. त्याच दारी खर्ऱ्याचाही प्रश्न विचारता येतो, आणि तंबाखू सोडण्यासाठी १८००-११-२३५६ हा मोफत दूरध्वनी क्रमांकही आहे. तंबाखू सोडवण्यासाठी निकोटीनची च्युइंगम देताना खर्रा खाणाऱ्याला एक गोष्ट आवर्जून सांगावी लागते: ती खर्ऱ्यासारखी सलग चघळायची नसते, सावकाश चावून तोंडात चुणचुण जाणवली की गाल आणि हिरडी यांमध्ये दाबून ठेवायची आणि चुणचुण ओसरली की पुन्हा चावायची, नाहीतर निकोटीन पोटात जाऊन उचक्या आणि मळमळ सुरू होते.