दर पाच कोरियन नागरिकांमागे एक ‘किम’ : समान आडनावांमागील इतिहास

नवी दिल्ली : ‘सोलमध्ये जाऊन किमसाहेबांना शोधणे’ अशी एक जुनी म्हण कोरियन भाषेत आहे. एवढ्याच माहितीवर माणूस सापडणे जवळजवळ अशक्य, असा तिचा अर्थ. दक्षिण कोरियाच्या २०१५ च्या जनगणनेतील आकडे पाहिले, तर या म्हणीत फारशी अतिशयोक्ती नाही हे लक्षात येते. सुमारे पाच कोटी लोकसंख्येच्या या देशात १ कोटी ६ लाखांहून अधिक नागरिकांचे आडनाव ‘किम’ आहे. ‘ली’ आडनावाचे सुमारे ७३ लाख, तर ‘पार्क’ आडनावाचे सुमारे ४२ लाख नागरिक आहेत. केवळ या तीन आडनावांत देशाची ४५ टक्के लोकसंख्या सामावते. ‘चोई’ आणि ‘जोंग’ यांची भर घातली की हे प्रमाण निम्म्याहून पुढे जाते.

मग हे सारे किम एकाच पूर्वजाचे वंशज आहेत काय? या प्रश्नाचे उत्तर कोरियातील जुन्या समाजरचनेत दडले आहे.

आडनाव एक, कुळे अनेक

कोरियात आडनावाला ‘बोनग्वान’ म्हणजे कुळाच्या मूळ स्थानाची जोड असते. गिमहे येथील किम आणि ग्योंगजू येथील किम ही परंपरेने दोन निरनिराळी कुळे मानली जातात. त्यामुळे उत्तर कोरियाचे नेते किम जोंग उन आणि नोबेल शांतता पुरस्काराचे मानकरी, दक्षिण कोरियाचे माजी राष्ट्राध्यक्ष किम डे-जंग यांचे आडनाव एकच असले, तरी त्यावरून नाते सिद्ध होत नाही.

सर्वांत मोठे कूळ गिमहे किम यांचे असून २०१५ मध्ये त्याची संख्या सुमारे ४४ लाख होती. प्राचीन गया राज्याचा संस्थापक राजा सुरो हा या कुळाचा मूळ पुरुष मानला जातो. त्याची राणी हो ह्वांग-ओक ही ‘अयुता’ नावाच्या दूरदेशातून समुद्रमार्गे आली, अशी कथा तेराव्या शतकातील ‘सामगुक युसा’ या ग्रंथात आहे. हे ‘अयुता’ म्हणजे अयोध्या, असे मानणाऱ्यांच्या पुढाकाराने २००१ मध्ये अयोध्येत या राणीचे स्मारक उभारण्यात आले. या कथेला ठोस ऐतिहासिक पुरावा नाही. मात्र लाखो कोरियन कुटुंबांच्या कुलपरंपरेत तिला आदराचे स्थान आहे.

मोजक्यांचा मान

प्राचीन काळी आडनाव ही राजघराण्यांची आणि सरदारांची मिरासदारी होती. सिल्ला राज्याचे राजे पार्क, सोक आणि किम या तीन घराण्यांतून आले. इ. स. ९१८ मध्ये गोर्यो राज्याची स्थापना करणाऱ्या वांग गॉनने निष्ठावंत स्थानिक सरदारांना आडनावे बहाल केली. १३९२ मध्ये सुरू झालेल्या जोसोन राजवटीचे राजे जोनजू येथील ली कुळातील होते. सत्ताधाऱ्यांची नावे अशा रीतीने प्रतिष्ठेची खूण बनली.

याउलट गुलाम आणि अनेक सामान्य शेतकरी केवळ नावाने ओळखले जात. आडनाव आणि वंशावळ असणे म्हणजे ‘यांगबान’ या उच्च वर्गाशी नाते सांगणे, आणि त्या वर्गाला लष्करी कर व वेठीतून व्यवहारात सूट मिळे. त्यामुळे जोसोन काळाच्या उत्तरार्धात ‘जोकबो’ म्हणजे वंशावळीच्या पोथ्यांना मोठी किंमत आली. हाती पैसा आलेले व्यापारी व शेतकरी नामांकित कुळांच्या पोथ्या विकत घेत किंवा त्यांत आपली नावे घुसडून घेत. बनावट पोथ्याही तयार होऊ लागल्या.

१९०९ ची नोंदणी

१८९४ च्या सुधारणांनी जन्मजात दर्जाची उतरंड आणि गुलामगिरी कायद्याने संपुष्टात आली. त्यानंतर १९०९ च्या नागरी नोंदणी कायद्यान्वये प्रत्येकाला आडनाव नोंदवणे आवश्यक झाले. ज्यांना आजवर आडनाव नव्हते, त्यांच्यापैकी अनेकांनी पूर्वीच्या मालकाचे, गावातील प्रबळ कुळाचे किंवा सर्वांना ठाऊक असलेले प्रतिष्ठित आडनाव स्वीकारले. किम, ली, पार्क यांची संख्या त्यामुळे आणखी फुगली.

शेजारच्या जपानमध्ये १८७५ साली आडनाव सक्तीचे झाले, तेव्हा असंख्य कुटुंबांनी नवी आडनावे घडवली. तेथील आडनावांची संख्या एक लाखाहून अधिक असल्याचे मानले जाते. कोरियात मात्र नवे आडनाव घेणे म्हणजे आपल्याला कूळ नव्हते, याची जाहीर कबुली देण्यासारखे होते. पिढ्यान्‌पिढ्या हीन लेखल्या गेलेल्या माणसांनी ती टाळली, यात नवल नाही.

पुढे जपानी राजवटीने १९४० मध्ये कोरियन लोकांना जपानी धर्तीची कुटुंबनामे नोंदवण्यास भाग पाडले. सुमारे ८० टक्के कुटुंबांनी तशी नोंद केली. स्वातंत्र्यानंतर १९४६ मध्ये मूळ नावे पुन्हा प्रस्थापित झाली.

विवाहातील अडसर

या इतिहासाची झळ अलीकडच्या पिढ्यांनाही बसली. आडनाव आणि बोनग्वान समान असलेल्या स्त्री-पुरुषांच्या विवाहास दक्षिण कोरियाच्या नागरी कायद्याने मनाई होती. भारतातील सगोत्र विवाहाच्या निषेधाशी साम्य असलेल्या या नियमामुळे लाखोंच्या कुळांतील परस्परांना सर्वस्वी अनोळखी असलेल्या व्यक्तीही ‘भाऊबंद’ ठरत. अशा जोडप्यांच्या विवाहाची नोंद होत नसे आणि त्यांची मुले कायद्याच्या दृष्टीने विवाहबाह्य ठरत. १९७८, १९८८ आणि १९९६ मध्ये तात्पुरती सवलत देऊन अशा विवाहांची नोंदणी करावी लागली. अखेर १९९७ मध्ये घटनात्मक न्यायालयाने ही मनाई घटनेशी विसंगत ठरवली आणि २००५ मध्ये कायदा बदलला. आता केवळ जवळच्या रक्तसंबंधांतील विवाहांवर निर्बंध आहे. ज्या समान पूर्वजाच्या नावाखाली ही जोडपी अडवली गेली, तो त्यांच्यापैकी अनेकांचा खरा पूर्वज नसण्याचीच शक्यता अधिक होती.

आज चित्र हळूहळू बदलत आहे. २०१५ च्या जनगणनेत पाच हजारांहून अधिक आडनावे नोंदली गेली. त्यांतील बहुतांश नागरिकत्व स्वीकारलेल्या परदेशी व्यक्तींची आहेत. कोरियन स्त्रिया विवाहानंतर माहेरचेच आडनाव कायम ठेवतात, आणि २००८ पासून विवाहनोंदणीच्या वेळी तसे ठरवल्यास अपत्यांना आईचे आडनावही देता येते. तरीही किम, ली आणि पार्क यांचे वर्चस्व कायम आहे. त्यामागे राजघराण्यांचा वारसा जितका आहे, तितकीच नावासोबत मान मिळवू पाहणाऱ्या अनामिक कुटुंबांची धडपडही आहे.