जादूशाळेच्या बालकादंबऱ्या : परिचित घटक आणि नावीन्याचा प्रश्न

प्रस्तावना :
'हॅरी पॉटर' मालिकेचा पहिला भाग १९९७ मध्ये प्रसिद्ध झाला. तेव्हापासून जादू शिकविणाऱ्या शाळेची कथा म्हणजे त्या मालिकेची नक्कल, असे मानण्याची प्रवृत्ती बळावली. मराठीत असे लेखन करणाऱ्यावर हा आक्षेप दुहेरी ठरतो. त्याची नक्कल परकीय वस्तूचीही मानली जाते. प्रस्तुत लेखात या आक्षेपाचा विचार केला आहे.

परिचित घटकांची परंपरा :
पोरका किंवा उपेक्षित मुलगा, शाळाप्रवेश, जिवलग मित्र, आकस धरणारा सहाध्यायी आणि निषिद्ध विद्या हे या प्रकाराचे ठळक घटक होत. यांपैकी एकही जे. के. रोलिंग यांचा शोध नाही. निवासी शाळेच्या कथेचा साचा थॉमस ह्यूज यांच्या 'टॉम ब्राऊन्स स्कूल डेज' (१८५७) या कादंबरीने रूढ केला. अर्सुला ल ग्विन यांच्या 'अ विझर्ड ऑफ अर्थसी' (१९६८) मध्ये जादूगारांची, तर जिल मर्फी यांच्या 'द वर्स्ट विच' (१९७४) मध्ये चेटकिणींची शाळा आहे. तरीही या कृती परस्परांच्या नकला ठरत नाहीत. ल ग्विन यांचा गेड गर्वापोटी मंत्र उच्चारतो आणि एक भयंकर छाया मोकळी करतो. मर्फी यांची मिल्ड्रेड सतत चुकणारी विद्यार्थिनी आहे. रोलिंग शुद्ध रक्ताच्या अहंकाराचा प्रश्न उभा करतात. साहित्य समान असले, तरी प्रश्न निराळे आहेत.

कचाची कथा :
हे घटक मराठी वाचकालाही परके नाहीत. नाशिकहून गोदावरीच्या प्रवाहाबरोबर खाली गेल्यास कोपरगाव बेट लागते. शुक्राचार्यांचा आश्रम येथेच होता, अशी स्थानिक श्रद्धा असून तेथे त्यांचे मंदिर आहे. महाभारताच्या आदिपर्वातील कच शत्रुपक्षाच्या गुरूकडे संजीवनी विद्या शिकण्यास जातो. असुर त्याला तीनदा मारतात. अखेर गुरूच्या उदरातच त्याला विद्या मिळते. पुढे देवयानीच्या शापामुळे ती विद्या त्याला स्वतःला फळत नाही. त्याने ज्याला शिकविली, त्यालाच ती फळते. विद्येचे मोल आणि मर्यादा यांविषयी एवढा सखोल विचार विद्यार्थिकथेत क्वचित आढळतो.

या एकाच कथेवर कृ. प्र. खाडिलकरांनी 'विद्याहरण' (१९१३) या नाटकात मद्यपानाचा प्रश्न मांडला. वि. स. खांडेकरांनी 'ययाति' (१९५९) मध्ये कचाला भोगलोलुप ययातीसमोर संयमाचे प्रतीक म्हणून उभे केले. कथानक उसने आहे म्हणून या कृतींना कोणी नक्कल म्हणत नाही. मग बालकादंबरीला वेगळा न्याय का?

नावीन्याचे निकष :
अशा कादंबरीचे मूल्यमापन करताना पुढील प्रश्न उपयुक्त ठरतात. विद्येसाठी विद्यार्थी कोणती किंमत मोजतो? शाळेचे दार कोणाला बंद आहे? एकलव्याची कथा या दुसऱ्या प्रश्नाचे स्मरण देते. जादूला मर्यादा आहेत काय, आणि त्या पात्रांच्या निर्णयांना वळण देतात काय? यांची उत्तरे नसतील, तर छडीऐवजी रुद्राक्ष आणि घुबडाऐवजी पोपट योजल्याने कृती मराठी होत नाही. तो केवळ वेषांतराचा प्रकार होतो.

निष्कर्ष :
परिचित घटक हा या साहित्यप्रकाराचा दोष नसून त्याची भाषा आहे. त्या भाषेत लेखक काय बोलतो, यावर नावीन्य अवलंबून असते. घटकांची यादी जुळवून नक्कल ठरविणारा अध्यापक नकळत मराठी बाललेखकाला त्याच्याच वारशापासून दूर लोटतो. वर्गात व समीक्षेत ही सवय सोडणे आवश्यक आहे.