टेम्सकाठची जागा

लंडनमध्ये टेम्स नदीला लागून असलेल्या जागेचा भाव काय असेल, हे वेगळं सांगायला नको. अशा मोक्याच्या जागेवर फुलहॅम नावाचा क्लब १८९६ पासून फुटबॉल खेळतो आहे. पुटनी ब्रिज स्टेशनवर उतरून बिशप्स पार्कच्या झाडांखालून नदीच्या कडेकडेने चालत गेलं की क्रेव्हन कॉटेज येतं. एका अंगाला स्टीव्हनेज रोडवरची लाल विटांची दर्शनी भिंत, दुसऱ्या अंगाला पाणी. ऑक्सफर्ड आणि केंब्रिज यांच्यातली प्रसिद्ध होड्यांची शर्यत याच मैदानाला लागून पुढे जाते. गेल्या चाळीस वर्षांत या क्लबच्या मालकांची खरी परीक्षा गुणफलकापेक्षा सातबाऱ्यावरच जास्त झाली आहे.

आधी हे मैदान नीट पाहायला हवं. मैदानाचं नाव ज्या बंगलीवरून पडलं, ती लॉर्ड क्रेव्हन यांनी १७८० मध्ये बांधली होती आणि १८८८ मध्ये ती जळून गेली. आज कोपऱ्यात जी टुमदार इमारत दिसते, ती ग्लासगोच्या आर्चिबाल्ड लीच या अभियंत्याने १९०५ मध्ये उभारली. खेळाडूंच्या कपडे बदलायच्या खोल्या तिथेच आहेत आणि आजही संघ त्या कोपऱ्यातूनच मैदानात उतरतो. लीच यांनीच बांधलेल्या, आता क्लबचे जुने खेळाडू जॉनी हेन्स यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या स्टँडमध्ये लाकडी खुर्च्या अजून शाबूत आहेत. ही दोन्ही बांधकामं वारसा यादीत आहेत. प्रीमियर लीगमधल्या चकचकीत स्टेडियमांच्या गर्दीत लाकडी खुर्चीवर बसून सामना बघायला मिळणं, ही मला या क्लबची सर्वांत मोठी श्रीमंती वाटते.

ही श्रीमंती जवळजवळ गेलीच होती. १९८६ मध्ये मार्लर इस्टेट्स नावाच्या बांधकाम व्यवसायातल्या कंपनीने क्लब विकत घेतला. पुढच्याच वर्षी क्वीन्स पार्क रेंजर्स या शेजारच्या क्लबमध्ये फुलहॅम विलीन करायचा आणि नदीकाठच्या मैदानावर घरं बांधायची, अशी योजना पुढे आली. लीगने तिला मान्यता दिली नाही, चाहते रस्त्यावर उतरले आणि जुने खेळाडू जिमी हिल यांच्या पुढाकाराने क्लब वाचला. तरी त्या जागेवरची टांगती तलवार आणखी कित्येक वर्षं हटली नव्हती.

१९९७ मध्ये मोहम्मद अल-फायेद आले. अलेक्झांड्रियात जन्मलेल्या या गृहस्थांनी पॅरिसचं रिट्झ हॉटेल आणि लंडनचं हॅरॉड्स हे बडं दुकान विकत घेतलं होतं. ब्रिटनचं नागरिकत्व मात्र त्यांना शेवटपर्यंत मिळालं नाही. त्यांच्या पैशांवर क्लब तिसऱ्या श्रेणीतून निघून २००१ मध्ये प्रीमियर लीगमध्ये पोहोचला आणि २०१० मध्ये युरोपा लीगच्या अंतिम सामन्यापर्यंत गेला. मधली दोन वर्षं संघ दुसऱ्याच्या मैदानावर खेळत होता, तेव्हा ‘परत कॉटेजला चला’ म्हणून चाहत्यांनी चळवळ चालवली आणि २००४ मध्ये ते घरी परतले. फायेद यांच्या मृत्यूनंतर, २०२४ मध्ये, हॅरॉड्समध्ये काम केलेल्या अनेक स्त्रियांनी त्यांच्यावर बलात्काराचे आणि लैंगिक अत्याचाराचे आरोप उघडपणे केले. फुलहॅमच्या त्या सुवर्णकाळाबद्दल बोलताना हे बाजूला ठेवता येणार नाही.

जुलै २०१३ मध्ये फायेद यांनी क्लब विकला तो दुसऱ्या एका स्थलांतरिताला. शाहिद खान यांचा जन्म १९५० चा, लाहोरचा. वडिलांचा व्यवसाय बांधकामाशी संबंधित, आई गणित शिकवणारी. वयाच्या सोळाव्या वर्षी, १९६७ च्या ऐन हिवाळ्यात, हा मुलगा इलिनॉय विद्यापीठात इंजिनिअरिंग शिकायला अमेरिकेत उतरला. पहिली रात्र वायएमसीएच्या दोन डॉलरच्या खोलीत काढली आणि मग तासाला १ डॉलर २० सेंटवर भांडी घासायचं काम धरलं. शिकत असतानाच फ्लेक्स-एन-गेट या मोटारींचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात नोकरी लागली.

त्या काळी पिकअप ट्रकचा मागचा बंपर अनेक तुकडे एकमेकांना जोडून बनवत. तो जड व्हायचा आणि सांध्यांवर गंजायचा. खान यांनी एकाच पत्र्यातून दाबून काढलेला, बिनजोडाचा, हलका बंपर तयार केला. १९७८ मध्ये थोडी शिल्लक आणि लहान उद्योगांसाठीचं सरकारी कर्ज यांवर स्वतःचा कारखाना काढला. दोनच वर्षांत जिथे नोकरी केली ती कंपनीच विकत घेतली. पुढे टोयोटाचं काम मिळालं आणि १९८९ पर्यंत अमेरिकेतल्या टोयोटाच्या सगळ्या गाड्यांना बंपर पुरवण्याचं काम एकट्या त्यांच्याकडे आलं. बाकीची संपत्ती त्या पत्र्यातूनच उभी राहिली. २०१२ मध्ये त्यांनी जॅक्सनव्हिल जॅग्वार्स हा अमेरिकन फुटबॉलचा संघ घेतला आणि मग स्थावर मालमत्तेत हात घातला. टोरांटोचं फोर सीझन्स हॉटेल त्यांनी २०१६ मध्ये घेतलं. जॅक्सनव्हिलच्या नदीकाठी जुन्या गोदीच्या जागेवरही त्यांचं हॉटेल उभं राहतं आहे.

फुलहॅममध्ये सुरुवात वाईट झाली. पहिल्याच हंगामात तीन प्रशिक्षक झाले आणि १३ वर्षांनी संघ प्रीमियर लीगमधून खाली घसरला. फायेद यांनी मैदानाबाहेर उभा केलेला मायकल जॅक्सनचा पुतळा खान यांनी हलवला होता. त्याचाच हा शाप, असंही तेव्हा बोललं गेलं. २०१८ मध्ये संघ वर आला, २०१९ मध्ये खाली, २०२० मध्ये वर, २०२१ मध्ये पुन्हा खाली. २०२२ मध्ये प्रशिक्षक मार्को सिल्वा यांच्या हाताखाली वर आला तेव्हा कुठे तो स्थिरावला. एवढे चढउतार होत असताना मालकाने हात आखडता घेतला नाही, याची नोंद घ्यायलाच हवी. २०१८ मध्ये त्यांनी वेम्बली स्टेडियमसाठी ६० कोटी पौंड देऊ केले होते. विरोध वाढल्यावर त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये तो प्रस्ताव मागे घेतला.

खरं काम झालं ते नदीच्या बाजूला. १९७२ चा जुना स्टँड २०१९ मध्ये पाडला. मागे सरकायला जागाच नव्हती, मागे टेम्स! म्हणून काठाची भिंत नव्याने बांधून स्टँड पाण्याच्या दिशेने पुढे काढला आणि मोठं सामान नदीतून बार्जने आणलं. मध्ये कोविड आला, मग २०२३ मध्ये मुख्य ठेकेदार कंपनीच डबघाईला आली, तरी काम तडीस गेलं. मैदानाची क्षमता वाढली. स्टँडच्या पोटात हॉटेल, उपाहारगृहं, गच्चीवर पोहण्याचा तलाव. सामना महिन्यातून दोनदा होणार, जागा मात्र रोज कमावणार. स्टेडियमशी येऊन तुटणारी नदीकाठची पायवाट जोडून घेणं हाही या योजनेचाच भाग.

मार्लरवाल्यांनाही या जागेचा भाव कळला होता, पण त्यांच्या हिशेबात फुटबॉलला जागा नव्हती. खान यांनी त्याच जमिनीला फुटबॉलच्या पोटापाण्याला लावलं, आणि पलीकडच्या लीच यांच्या विटांना धक्का लावला नाही. मालक म्हणून त्यांचं हे काम मला सर्वांत मोलाचं वाटतं.

पण याचा भुर्दंड पडला तो चाहत्यांवर. २०२३-२४ च्या हंगामात नव्या स्टँडमधल्या सर्वांत महाग हंगामी तिकिटाचा दर ३,००० पौंडांवर गेला. त्या नोव्हेंबरमध्ये मँचेस्टर युनायटेडविरुद्धच्या सामन्याआधी चाहत्यांनी पिवळी कार्डं उंचावून निषेध केला. तो निषेध रास्त होता. १९८७ मध्ये ज्यांनी हे मैदान वाचवलं, ती माणसं गच्चीवरच्या तलावात पोहायला येणारी नव्हती. हॉटेलातून चार पैसे जास्त मिळत असतील, तर हॅमरस्मिथ एंड या स्टँडच्या आणि लाकडी खुर्च्यांच्या तिकिटांचे दर खाली आणायला खान यांच्याकडे आता कोणतीच सबब उरलेली नाही.