उन्हाने फुगणारे नाले

हिमाचल प्रदेशातील लाहौल आणि स्पिती ही खोरी जोडणाऱ्या ग्रांफू–काझा मार्गाची धास्ती बहुतेक नवखे चालक घेतात ती 4,551 मीटर उंचीच्या कुंझुम खिंडीमुळे. खरी कसोटी मात्र ग्रांफू ते बातल या चंद्रा नदीच्या काठाने जाणाऱ्या सुमारे 50 किलोमीटरांत लागते. रुंदीकरणाची कामे होत असली तरी येथील वाट बऱ्याच अंशी हिमोढावरून, म्हणजे हिमनदीने आणून टाकलेल्या दगडमातीच्या थरावरून जाते आणि तिला वरच्या हिमनद्यांचे नाले जागोजाग छेदतात.

सह्याद्रीतला ओढा पावसाने फुगतो, त्यामुळे आभाळ निरभ्र असले की घाटातला चालक निर्धास्त असतो. येथे नेमके स्वच्छ ऊनच घातक ठरते, कारण दिवसभर वितळलेला बर्फ दुपारनंतर नाल्यात उतरतो आणि पहाटे घोट्याइतके असलेले पाणी सायंकाळी गुडघ्याच्या वर जाते. गढूळ प्रवाहात तळाचे गोटे दिसत नाहीत, म्हणून जाणता चालक आधी विजार गुडघ्यापर्यंत दुमडून, काठीने तळ चाचपत, थोडे पाणी चालून पाहतो. पाय टिकत नसेल, तर गाडी घालण्याचा प्रश्नच उरत नाही. चारही चाकांना जोर देणाऱ्या गाडीत ‘लो रेंज’, म्हणजे वेग कमी करून चाकांची ओढ वाढवणारी गिअरची जोडणी, येथे उपयोगी पडते. साध्या गाडीत पहिला गिअर टाकून, मध्येच क्लच न दाबता, एकसंध संथ गतीने पलीकडे जायचे असते. पलीकडे पोहोचल्यावर ओले झालेले ब्रेक हलके दाबत सुकवावे लागतात, आणि घाईत नेमके हेच राहून जाते.

खिंडीत हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे 57 टक्केच असल्याने टर्बो नसलेले इंजिन धापा टाकते, पण तेवढ्याने सहसा गाडी अडत नाही. 2020 मध्ये खुल्या झालेल्या 9.02 किलोमीटरांच्या अटल बोगद्याने मनालीहून लाहौलला पोहोचणे सोपे केले. नाल्यांचे वेळापत्रक मात्र त्याने बदललेले नाही. मनालीकडून येणारा अंधारात निघून ते साधू शकतो. काझाहून निघालेल्याला आधी खिंड चढावी लागते, तो बातलला पोहोचेपर्यंत दुपार कलू लागते, आणि मग तेथील ढाब्यात अंथरूण मागून पहाटेची वाट पाहणेच त्याला परवडते.