आईबाबांची शस्त्रक्रिया आणि मुलांचे मन

स्थूलता हा केवळ दिसण्याचा प्रश्न नाही. मधुमेह, उच्च रक्तदाब, गुडघेदुखी, झोपेत श्वास अडखळणे अशा अनेक व्याधींशी तिचा निकटचा संबंध आहे. आहार, व्यायाम व औषधे यांनी पुरेसा गुण येत नाही, तेव्हा निवडक रुग्णांना वजन कमी करण्यासाठी बेरिॲट्रिक शस्त्रक्रियेचा सल्ला दिला जातो. मग तपासण्या होतात, जोडीदाराशी चर्चा होते, खर्चाची जुळवाजुळव होते. या धावपळीत घरातील मुलांशी बोलायचे मात्र बहुधा राहून जाते. म्हणून यंदाच्या अहवालात त्यांच्याविषयी लिहावे, असे आम्हांस वाटले.

लपवाछपवी नको

‘लोक काय म्हणतील’ या संकोचापायी अनेक कुटुंबे ही शस्त्रक्रिया पित्ताशयाची वा हर्नियाची म्हणून सांगतात. मुलांना तर ‘आई गावाला गेली आहे’ एवढेच सांगितले जाते. परंतु मुलांच्या कानांवर अर्धवट शब्द पडतातच, आणि उरलेला भाग त्यांची कल्पना पुरा करते. ती कल्पना सत्यापेक्षा बहुधा अधिक भयंकर असते. आमच्याकडे आलेल्या एका सात वर्षांच्या मुलीने आठवडाभर शाळेचा डबा तसाच परत आणला होता. समुपदेशकांनी हळुवारपणे विचारले, तेव्हा ती म्हणाली, “जास्त खाल्लं की पोट कापतात ना?” तिला कोणी रागावले नव्हते, मात्र कोणी काही समजावूनही सांगितले नव्हते.

वयानुसार सांगावे

लहानग्यांना दोन-तीन सोपी वाक्ये पुरतात. ‘आईला बरे वाटावे म्हणून डॉक्टर तिच्या पोटाचे ऑपरेशन करणार आहेत. तेव्हा ती गाढ झोपलेली असेल, म्हणून तिला दुखणार नाही. काही दिवसांनी ती घरी येईल. तोवर आजी तुझ्याजवळ असेल.’ दिनदर्शिकेवर रोज एक खूण करू दिली की वाट पाहणे सोपे जाते.

शाळकरी मुलांना चित्र काढून दाखवावे. स्लीव्ह गॅस्ट्रेक्टोमी या प्रकारात जठराचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग काढला जातो व केळ्याच्या आकाराची नळी शिल्लक राहते. त्यामुळे थोड्या अन्नाने पोट भरते, भूकही कमी लागते. स्थूलतेमागे आनुवंशिकता, संप्रेरके, औषधे, राहणीमान अशी अनेक कारणे असतात. ती कोणाच्या हावरटपणाची शिक्षा नव्हे, हेही स्पष्ट सांगावे.

किशोरवयीन मुले थेट विचारतात, “बाबांना काही होणार तर नाही ना?” ‘मुळीच नाही’ असे खोटे आश्वासन देऊ नये. प्रत्येक शस्त्रक्रियेत थोडा धोका असतो. तो कमी व्हावा म्हणूनच सर्व तपासण्या केल्या आहेत, असे सांगावे. या वयात स्वतःच्या शरीराविषयी संकोच असतो. आईचे वजन झपाट्याने उतरताना पाहून एखादी मुलगी गुपचूप उपास करू लागते, याकडे लक्ष असावे.

घरी आल्यानंतर

शस्त्रक्रियेनंतर काही आठवडे जड वस्तू उचलण्यास मनाई असते. धावत आलेल्या बाळाला आई कडेवर घेत नाही, याचा अर्थ त्याला ‘आई रुसली’ असा वाटतो. अशा वेळी आईने पोटावर उशी धरून त्याला शेजारी बसवावे, गोष्ट सांगावी.

खरा कसोटीचा प्रसंग पानावर येतो. आपल्याकडे आग्रह करून वाढणे ही मायेची भाषा आहे. आई मात्र आरंभीचे दिवस पातळ पदार्थांवर असते, नंतर गुरगुट्या भातासारखे मऊ अन्न घेते आणि पुढेही चार घासांत थांबते. मुलाच्या वाढदिवसाचा केकही ती नाकारते. ‘पोट लहान झाले आहे, माया तेवढीच आहे’ हे वाक्य त्याच्याशी पुनःपुन्हा बोलावे लागते. आईने आपली लहान वाटी घेऊन सर्वांसोबतच पानावर बसावे.

दोन गोष्टी कटाक्षाने टाळाव्यात. मुलांना आईच्या ताटाचे पहारेकरी करू नये, आणि आईसाठीचा आहार मुलांवर लादू नये. वाढत्या वयाची गरज निराळी असते. फिरायला जाणे व घरचे साधे, ताजे जेवण मात्र सर्वांनाच हितकर आहे. 2011 साली अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी प्रसिद्ध केलेल्या एका लहान अभ्यासात, रुग्णांच्या घरातील स्थूल प्रौढांचेही वजन वर्षभरात काही प्रमाणात घटल्याचे आढळले होते. घरातील एकाने बदललेली वाट इतरांनाही उपयोगी पडू शकते.

मदत केव्हा घ्यावी

मूल जेवण टाळू लागले, लपवून खाऊ लागले, झोपेत दचकू लागले, अंथरूण ओले करू लागले किंवा शाळेला जाण्यास नकार देऊ लागले, आणि हे दोन आठवड्यांहून अधिक टिकले, तर समुपदेशकांची भेट घ्यावी. त्यात कमीपणा काहीच नाही.

देणगीदारांच्या औदार्यातून यंत्रे येतात, खाटा वाढतात. त्यांची मोजदाद अहवालात होते. समुपदेशकाने एखाद्या मुलासोबत शांतपणे घालवलेला अर्धा तास कोणत्याही तक्त्यात दिसत नाही. तोही आपल्याच साहाय्याने शक्य होतो, याची कृतज्ञ जाणीव आम्हांस आहे. त्या मुलीला तिच्या आईने स्वतःच जठराचे चित्र काढून दाखवले. दुसऱ्या दिवशी तिचा डबा रिकामा घरी आला.