इंटरनेट बंद करण्याचा अधिकार कोणाला?

१० डिसेंबर २०२४ रोजी परभणीत रेल्वे स्थानकाजवळच्या डॉ. आंबेडकरांच्या पुतळ्यासमोरील संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. दुसऱ्या दिवशीच्या बंदला हिंसक वळण लागले, धरपकड झाली. अटकेतल्या सोमनाथ सूर्यवंशी या कायद्याच्या विद्यार्थ्याचा १५ डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत मृत्यू झाला. पोलिसी कारवाईचे मोबाइलवर टिपलेले व्हिडिओ त्या दिवसांत लोकांनीच राज्यभर पोहोचवले.

अशा तणावात अफवाही पसरतात, हे खरे. म्हणून सरकार इंटरनेट थांबवू शकते, पण मनमानीने नाही. नोव्हेंबर २०२४च्या नियमांनुसार राज्यात हा आदेश गृह विभागाच्या सचिवांनी काढायचा असतो. अगदीच निकड असेल तर सहसचिव दर्जाचा अधिकृत अधिकारी तो काढू शकतो, पण त्यावर २४ तासांत सचिवांची मंजुरी लागते. आदेश लेखी हवा. त्यात कारण, नेमका भाग आणि मुदत हवी. मुदत १५ दिवसांपेक्षा जास्त नको. शिवाय तो जाहीर करावा लागतो. अनुराधा भसीन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १० जानेवारी २०२० रोजी तसे बजावले होते. माझ्या मते सगळ्यांत मोलाची अट हीच, कारण न दिसणाऱ्या आदेशाला आव्हान कसे देणार?

पोस्ट लिहिण्याचे स्वातंत्र्यही असेच झगडून मिळाले. २०१२मध्ये पालघरच्या दोन तरुणींना फेसबुक पोस्टवरून अटक झाली. त्यातून उभ्या राहिलेल्या श्रेया सिंघल खटल्यात २०१५ साली माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६-अ रद्द झाले.

तेव्हा नेट बंद झाले तर आधी लेखी आदेश मागा.