सातबारा ऑनलाइन आला, पण नाव बरोबर आहे का?

नांदेड-लातूरकडे आपल्या बऱ्याच घरांत एक समज आहे: सातबारा मोबाईलवर दिसला म्हणजे नोंद पक्की. पण ऑनलाइन दिसते ती नोंद नवी नाही, जुन्या नोंदीचीच नक्कल आहे.

17 सप्टेंबर 1948 पर्यंत आपला भाग निजामाच्या राज्यात होता आणि दफ्तर उर्दूत चालायचे. उर्दूत ऱ्हस्व स्वर सहसा लिहीत नाहीत. ऐन-मीम-रे ही तीन अक्षरे कुणी 'उमर' वाचेल, कुणी 'उम्र'. नोंदी मराठीत आल्या तेव्हा महेबूबचे महबूब झाले, कुठे मैबूब झाले. पुढे हाताने लिहिलेले सातबारे तहसीलच्या संगणकात टाइप झाले. तो डेटा नंतर युनिकोडमध्ये बदलून ई-फेरफार प्रणालीत आणला आणि वेबवर दिसू लागला. 1 मे 2018 पासून डिजिटल सहीचा सातबाराही मिळतो.

आता हे लक्षात घ्या: डेटा एका जागेवरून दुसऱ्या जागी नेल्याने चूक आपोआप सुधारत नाही. टाइप करताना आडनाव सुटले किंवा क्षेत्राचा आकडा चुकला असेल, तर वेबवरही तेच दिसणार. फरक एवढाच की आता बँक, पीकविमा, पीएम-किसान सगळे तोच उतारा बघतात. आधारवर एक नाव आणि सातबाऱ्यावर दुसरे असले की काम अडते.

मग काय करायचे?

महाभूलेखवर सातबारा आणि आठ-अ मोफत बघता येतो. मात्र तो फक्त माहितीसाठी असतो. सरकारी कामाला 15 रुपये भरून डिजिटल सहीचा घ्या. मग तहसीलच्या अभिलेख कक्षातून जुना हस्तलिखित सातबारा आणि संबंधित फेरफाराची नक्कल काढा. दोन्ही समोर ठेवून नाव, क्षेत्र, हिस्सा, बोजा एकेक करून ताडून बघा. जुने कागद उर्दूत असतील तर घरातल्या किंवा मोहल्ल्यातल्या बुजुर्गांकडून वाचून घ्या. वाचणारी पिढी कमी होत चालली आहे.

हस्तलिखितात बरोबर आणि संगणकात चूक असेल, तर जमीन महसूल संहितेच्या कलम 155 खाली तहसीलदारांकडे दुरुस्ती मागता येते. ई-हक्क प्रणालीतूनही अर्ज होतो. अर्जासोबत जुन्या उताऱ्याची नक्कल जोडा आणि पोच सांभाळून ठेवा.

वालिद किंवा दादा मरहूम होऊन वर्षे झाली तरी सातबारा त्यांच्याच नावावर असेल, तर ही साधी दुरुस्ती नाही. त्याला वारस नोंद लागते. तेव्हा बहिणींची नावे गाळू नका. कुराणाने मुलीचा हिस्सा ठरवून दिला आहे, आणि एकदा सुटलेले नाव पुढच्या प्रत्येक नकलेत सुटतच राहते.